बगझिलाची बखर



बदनापूरच्या आमच्या गोतावळ्यात लग्नकार्याला गेलं की मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तू कंप्युटरमध्ये नेमकं करतेस तरी काय गं?" मी आपलं सोपं करून सांगते, "दुसऱ्यांच्या चुका शोधते." त्यावर आत्याचं ठरलेलं उत्तर, "त्यात शिकायचं काय? ते तर आपल्याकडे सगळ्यांनाच येतं!" :)

आत्याचं काही चूक नाही. चूक दिसणं फारसं अवघड नसतं. दिसलेली चूक नीट लिहून ठेवणं, ती कोणी निस्तरायची ते ठरवणं, निस्तरली की नाही ते पाहणं, आणि चार वर्षांनी तीच पुन्हा उपटली तर मागचं सगळं एका जागी सापडणं, हे अवघड. या कामासाठी संगणकाच्या धंद्यात जी साधनं निघाली त्यातल्या एकाची गोष्ट आज लिहायची आहे. नाव बगझिला. धंद्यातल्या वाचकांनी त्याच्याशी कधी ना कधी झटापट केलेली असेलच. बाकीच्या नातेवाईक मंडळींनी नाव ऐकून पान बंद करू नये. गोष्ट आपल्या ओळखीची आहे, आणि तिच्यात आपली मराठीही येते.

आधी 'बग' या शब्दाविषयी. बग म्हणजे किडा. सप्टेंबर १९४७ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातल्या 'मार्क २' नावाच्या अवाढव्य यंत्राच्या एका रिलेत खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तिथल्या मंडळींनी तो काढून कामाच्या नोंदवहीत चिकटपट्टीने चिकटवला. शब्द तिथून आला असं पुष्कळदा सांगतात, पण ते बरोबर नाही. यंत्रातल्या बारीकसारीक दोषाला 'बग' म्हणायची पद्धत जुनीच होती, एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रातही हा शब्द येतो. मला या गोष्टीत कौतुक वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. किडा सापडला तर कोणीही चिमटीत धरून फेकून देईल. या लोकांनी तो वहीत चिकटवला, खाली ओळ लिहिली. म्हणून आज आपण त्याबद्दल बोलतोय.

पुढे प्रोग्राम मोठे होत गेले तशा वह्याही मोठ्या झाल्या. मोठ्या कंपन्यांनी दोषांची नोंद ठेवायला आपापल्या आत प्रोग्राम करून घेतले. मुक्तस्रोतवाल्यांनी, म्हणजे ज्यांचा प्रोग्राम कोणीही उघडून पाहू शकतो, बदलू शकतो अशा लोकांनी, आपली साधनं केली. १९९२ मध्ये 'ग्नॅट्स' निघालं (इंग्रजीत याचा अर्थ चिलटं, म्हणजे पुन्हा किडेच!). १९९४ मध्ये डेबियन लिनक्ससाठी इयन जॅक्सन यांनी ईमेलवर चालणारी एक व्यवस्था लिहिली. पण सर्वसामान्य वापरणाऱ्याला ही साधनं माहीत असण्याचं कारण नव्हतं. आणि कंपन्यांच्या आतल्या वह्या तर बाहेरच्यांना दिसतच नसत. तुम्ही पैसे देऊन प्रोग्राम घ्यायचा, तो बंद पडला की फोन लावायचा, पलीकडचा माणूस "नोंद केली आहे" म्हणणार. नोंद कुठे केली, काय केली, पुढे तिचं काय झालं, ते विचारायची सोय नाही.

आता १९९८ मध्ये येऊ. नेटस्केप आठवतं का? सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून बसायचे त्या दिवसांतला न्याहाळक! (ब्राउझरला हा शब्द जालावरच्या काही मराठी मंडळींनी काढला होता. फार चालला नाही, पण मला आवडतो.) मायक्रोसॉफ्टने आपला ब्राउझर फुकट वाटायला सुरुवात केल्यावर नेटस्केपची पार दैना झाली. तेव्हा २२ जानेवारी १९९८ ला कंपनीने जाहीर केलं की आम्ही आमच्या ब्राउझरची संहिता सगळ्या जगाला खुली करतो. ३१ मार्चला ती खुली झालीही. या खुल्या प्रकल्पाचं नाव मोझिला. मोझेक नावाच्या जुन्या ब्राउझरला गिळून टाकणारा गॉडझिला राक्षस, असा तो नेटस्केपमधला विनोद होता.

आता गंमत बघा. घराचं दार उघडलं, लोक आत आले, "इथे गळतंय, तिथे भेग आहे" सांगायला लागले. पण ते लिहून घ्यायची वही होती कंपनीच्या आतल्या कपाटात. नेटस्केपची दोषनोंदणीची व्यवस्था आतल्या लोकांपुरतीच होती. बाहेरच्या माणसाला दोष कळवायचा असेल, आधी कोणी कळवला आहे का ते पाहायचं असेल, तर मार्ग नाही. संहिता खुली आणि तिच्या चुकांची यादी मात्र बंद, अशा कारभाराला खुला म्हणायचं तरी कसं?

हे काम टेरी वाईसमन या नेटस्केपमधल्या प्रोग्रामरने अंगावर घेतलं. त्याने वेबवर चालणारी एक नवी नोंदवही लिहिली. नाव बग आणि मोझिला मिळून बगझिला. पहिली आवृत्ती टीसीएल भाषेत होती, कारण ती भाषा त्याच्या हातातली होती. पण ही नोंदवहीसुद्धा जगाला द्यायची ठरली तेव्हा त्याने विचार केला की टीसीएल येणारे लोक थोडे. म्हणून त्याने सगळं पर्ल भाषेत पुन्हा लिहिलं. त्या काळी वेबवर काम करणाऱ्यांमध्ये पर्लचाच बोलबाला होता, तेव्हा मदतीला जास्त हात येतील हा हिशेब. ऑगस्ट १९९८ मध्ये बगझिला २.० सगळ्यांसाठी खुला झाला. स्वतःला सोपं जाईल ते सोडून दुसऱ्यांना हात लावता येईल ते त्याने निवडलं. दाखवायला छोटीच गोष्ट, पण पुढची पंचवीस वर्षं याच निर्णयावर चालली. त्याचा त्रासही पुढे याच निर्णयातून झाला, ते नंतर सांगते.

तर बगझिलात असतं काय? आपल्याकडे सरकारी कचेरीत अर्ज दिला की जाणता माणूस काय सांगतो? "पोच घे. आवक क्रमांक टाकून घे." तो क्रमांक नसेल तर अर्ज दिला होता याला पुरावा नाही. बगझिला म्हणजे असं आवक रजिस्टर, फक्त ते साहेबाच्या टेबलावर न ठेवता चावडीवर उघडं ठेवलेलं. कोणीही यावं, तक्रार लिहावी, क्रमांक घ्यावा. क्रमांक एकदा पडला की तो त्या तक्रारीचा कायमचा. मग तक्रारीची 'स्थिती' बदलत जाते. जुन्या बगझिलात ती अशी असे: नवी, सोपवलेली, निकाली, तपासलेली, बंद. निकाल पटला नाही तर 'पुन्हा उघडलेली'. निकाली काढताना कारण द्यावं लागे: दुरुस्त केली, ग्राह्य नाही, दुबार आहे, दुरुस्त करणार नाही, आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे 'वर्क्सफॉरमी', अर्थात "माझ्याकडे तर चालतंय की"! हे शेवटचं उत्तर ऐकून किती टेस्टरांचं डोकं फिरलं असेल त्याची गणतीच नको.

याशिवाय प्रत्येक तक्रारीच्या मागे तिचा इतिहास. कोणत्या तारखेला कोणी काय बदललं, कोणाकडून काढून कोणाकडे दिली, सगळं जसंच्या तसं. शेतीवाल्यांना हे चटकन कळेल. सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावावर आहे ते दिसतं, पण ती तिथपर्यंत कशी आली ते फेरफाराच्या नोंदी सांगतात. बगझिलाची खरी किंमत या फेरफारात आहे.

आणि क्रमांकाचं महत्त्व तर बदनापूरच्या माणसाला सांगायलाच नको. आपल्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेल्या तुरीच्या वाणांची नावं काय? बीडीएन ७११, बीडीएन ७१६. बीडीएन म्हणजे बदनापूर. शेतकरी दुकानात जाऊन "सातशे अकरा आहे का?" एवढंच विचारतो. त्या आकड्याबरोबर दाणा पांढरा की लाल, किती दिवसांत येते, मर आणि वांझ रोगापुढे टिकते का, हे सगळं आपोआप येतं. मोझिलाच्या जुन्या मंडळींचंही असंच. नुसता आकडा सांगितला की पुढचा माणूस "अरे हो, तो होय!" म्हणून हसायला किंवा कपाळाला हात लावायला मोकळा.

आणखी एक गंमत सांगायची राहिली. शोधून एकही बग सापडला नाही तर बगझिला 'झारो बूग्ज फाउंड' असं मुद्दाम चुकीच्या इंग्रजीत सांगत असे. 'शून्य चुका सापडल्या' असं शुद्ध भाषेत लिहिणं हेच मुळात खोटं, कारण शून्य चुका असलेला प्रोग्राम या जगात नाही. म्हणून वाक्यातच चूक ठेवून दिली! आपली मर्यादा ओळखून असलेली विनोदबुद्धी मला फार भावते.

वाईसमन यांनी एप्रिल २००० मध्ये बगझिलाची सूत्रं टारा हर्नांडेझ यांच्याकडे दिली. त्यांनी बाहेरच्या स्वयंसेवकांना कामात ओढलं. जुलै २००१ मध्ये त्यांच्याकडून डेव्ह मिलर यांच्याकडे आली. मिलर हे अशा बाहेरून आलेल्या, हौसेने काम करणाऱ्यांपैकीच एक. एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने कंपनीची गरज म्हणून केलेली वस्तू तीन वर्षांत अशी स्वयंसेवकांच्या हाती गेली.

तोपर्यंत ती गावोगावी पोचलीही होती. रेड हॅट, ग्नोम, केडीई, अपाची, एक्लिप्स, नोव्हेंबर २००२ पासून लिनक्सचा गाभा, २००३ पासून जीसीसी हा कंपायलर... ज्यांचे प्रोग्राम आपण कळत नकळत रोज वापरतो अशा कितीतरी प्रकल्पांच्या चुका बगझिलाच्या वहीत जाऊ लागल्या. पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतही तेच. फुकट आहे, एका जुन्या मशीनवर लिनक्स टाकून बसवता येतं, साहेबाची परवानगी लागत नाही! बसवताना मात्र घाम निघे. त्याची 'चेकसेटअप' नावाची आज्ञा चालवली की ती तोंडभर यादी देई, पर्लचा अमुक भाग नाही, तमुक भाग जुना आहे. एकेक मिळवत बसायचं. शेवटी ती यादी संपली की दिवाळी. :)

आता ज्याच्या चुका तोच नोंदवतो त्याच्या स्वतःच्या चुकांचं काय? बगझिलाच्या त्रुटीही बगझिलातच नोंदलेल्या असत, आणि त्यांचा ढीग वाढत होता. २.१६ ही आवृत्ती जुलै २००२ मध्ये आली. पुढची २.१८ यायला जानेवारी २००५ उजाडला. अडीच वर्षं! "एवढं होऊ दे, मग काढू" करता करता वेळ गेला. त्यानंतर मंडळींनी ठरवलं की दर सहा महिन्यांनी नवी भर थांबवायची आणि झालेलं काम बाहेर काढायच्या मागे लागायचं. मॅक्स कॅनट-अलेक्झांडर, फ्रेडरिक ब्युक्लँ अशांनी जुनी संहिता घासूनपुसून काढली. सुरुवातीला फक्त मायएसक्यूएल या विदागारावर चालणारा बगझिला २००५ च्या २.२० पासून पोस्टग्रेसवरही चालू लागला. मे २००७ मध्ये ३.० आली. तिच्यात आपल्याला हवे ते रकाने स्वतः घालायची सोय होती. लोक ही कितीतरी वर्षं मागत होते.

आता आपल्या मराठीकडे येते, कारण मला ही गोष्ट लिहावीशी वाटली ती त्यासाठीच.

ज्यांनी २००५-०६ च्या सुमारास मराठी अनुदिन्या वाचल्या असतील त्यांना आठवेल. फायरफॉक्सच्या त्या वेळच्या आवृत्त्यांमध्ये मजकूर दोन्ही बाजूंनी सरळ रेषेत बसवलेला, म्हणजे 'जस्टिफाय' केलेला असला की देवनागरीची हाडं मोडत. काना एकीकडे, वेलांटी दुसरीकडे, जोडाक्षरं सुटून पाय मोडलेली. तोच मजकूर इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये नीट दिसे. लिनक्सवर आणखी वेगळा गोंधळ, मोझिलाने दिलेला फायरफॉक्स घेतला तर देवनागरी तुटकी आणि फेडोरासारख्यांनी पँगो नावाची मजकूर मांडणारी प्रणाली जोडून दिलेला घेतला तर बरी. यावर आपल्या मंडळींनी काय केलं? पुष्कळांनी वाचकांना सूचना लिहिली, "हे पान इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये पाहावे." काहींनी कपाळाला हात लावला. काहींनी मात्र इंग्रजीत, चित्र जोडून, पायऱ्या सांगून ही गोष्ट बगझिलात लिहिली. एकट्या मराठीचीच ही अडचण नव्हती. अक्षरं एकमेकांत गुंफून लिहिणाऱ्या बाकीच्या लिप्यांच्या लोकांनाही असलेच त्रास होते.

याचं मूळ खोल होतं. ब्राउझर एकेक अक्षर सुटं धरून जागा वाटत होता. रोमन लिपीला ते चालतं, आपल्याला नाही. ठिगळ लावून भागण्यासारखं नव्हतं, मजकूर मांडणारा भागच नव्याने लिहावा लागला. १७ जून २००८ ला फायरफॉक्स ३ आला, पहिल्या चोवीस तासांत ८० लाखांहून जास्त प्रती उतरवल्या गेल्याचा विक्रम झाला, पेपरात बातम्या आल्या. आपल्यासाठी खरी बातमी वेगळी होती. देवनागरी जुळून आली होती.

तक्रार लिहिणं म्हणजे काय असतं त्याचं मराठी उदाहरण घ्या. आपण 'दर्या' आणि 'दऱ्या' असे दोन वेगळे शब्द लिहितो. पहिला समुद्र, दुसऱ्या सह्याद्रीतल्या. 'आचार्यांना' दक्षिणा देतात, 'आचाऱ्यांना' बिदागी! रफार कुठे आणि तो आडवा अर्धा र कुठे, हे आपल्याला दुसरी-तिसरीत कळतं. हिंदीत हा प्रकार नाही. युनिकोडमध्ये त्यासाठी 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि त्याला हलन्त जोडायचा नियम आहे. अमेरिकेत किंवा जर्मनीत बसलेल्या भल्या प्रोग्रामरला हे स्वप्नात तरी कळेल का? त्याला सांगायचं तर असं सांगावं लागतं: ही अक्षरं या क्रमाने लिहा. असं दिसायला हवं, हे चित्र. प्रत्यक्षात असं दिसतं, हे दुसरं चित्र. आणि न दिसण्याने अर्थ बदलतो, हे दोन शब्द. "मराठी नीट दिसत नाही, लाज वाटायला हवी" असं लिहून काम होत नाही. आपल्या भाषेविषयी कितीही प्रेम असलं तरी ते चार पायऱ्यांत मांडता आलं पाहिजे, असं ही वही शिकवते.

या कामात पुण्याचाही वाटा आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे भारतीय लिप्यांचे फाँट रेड हॅटने घेऊन २००४ मध्ये 'लोहित' या नावाने मुक्त परवान्याखाली दिले. (लोहित म्हणजे तांबडा. रेड हॅटची तांबडी टोपी!) रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात मराठी भाषांतराचं आणि फाँटच्या दुरुस्तीचं काम वर्षानुवर्षं चाललं. मराठी ल आणि श यांचं वळण हिंदीपेक्षा वेगळं असतं. असल्या तपशिलांच्या नोंदी कोणाला ना कोणाला करायच्या होत्याच. मोझिलाच्या बगझिलात तर भाषांतराच्या विभागात 'एमआर / मराठी' असा आपल्या भाषेचा स्वतंत्र रकानाच आहे. जगाच्या त्या भल्या थोरल्या आवक रजिस्टरात मराठीचं एक पान आहे, याचा मला का कोण जाणे अभिमान वाटतो. मात्र त्या पानावर लिहिणारे हात फार थोडे, हेही तितकंच खरं.

आता उघड्या वहीचे तोटेही सांगायला हवेत. चावडीवर रजिस्टर ठेवलं की एकच तक्रार पन्नास जण लिहितात. कोणी नुसतं "मलाही" लिहून जातो. कोणी शिव्या देतो. 'दुबार' शोधून एकत्र बांधण्यात स्वयंसेवकांचे दिवसच्या दिवस जातात. आणि काही चुका उघड लिहिताच येत नाहीत. कुलपाची खोट चावडीवर लिहिली तर चोराचंच फावतं. म्हणून सुरक्षेसंबंधीच्या नोंदी काही दिवस मोजक्या लोकांनाच दिसतात. सप्टेंबर २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केलं की असा अधिकार असलेल्या एकाचं खातं कोणीतरी बळकावलं होतं. त्याने तोच पासवर्ड दुसऱ्या एका संकेतस्थळावरही वापरला होता, आणि तो तिथून फुटला. चोराच्या हाती १८५ झाकलेल्या नोंदी लागल्या होत्या. ही गोष्ट मोझिलाने स्वतः होऊन सांगितली.

मग बगझिलाचा उतार कधी सुरू झाला? तसं बघितलं तर २००२ मध्येच. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅटलासियन या कंपनीत बगझिला वापरत असत. त्यांनी स्वतःचं साधन केलं आणि नाव दिलं जिरा. गॉडझिलाचं मूळ जपानी नाव 'गोजिरा', त्यातला हा शेवट! म्हणजे नावसुद्धा बगझिलाच्या वळणावरचं. जिरा विकत मिळायचं, दिसायला चकचकीत, मॅनेजर लोकांना हवे ते तक्ते देणारं. हळूहळू कंपन्यांतून बगझिला निघून जिरा आलं. २००९ मध्ये गिटहबने संहितेच्या शेजारीच तक्रारी लिहायची सोय दिली. मुक्तस्रोतवालेही पांगू लागले. विकिमीडिया २०१४ मध्ये फॅब्रिकेटरवर गेलं, ग्नोम २०१८ मध्ये गिटलॅबवर, आणि रेड हॅटने आपल्या मुख्य लिनक्सच्या नोंदी २०२३ मध्ये जिराकडे नेल्या. ज्या पर्लमुळे १९९८ मध्ये हात मिळाले, त्याच पर्लमुळे आता मिळेनात. नवी मुलं ती भाषा शिकत नाहीत. जुलै २०१५ मध्ये ५.० आली. २०१९ च्या सुरुवातीनंतर तर साडेपाच वर्षं नवी आवृत्तीच नाही. सगळ्या जगाच्या तक्रारी लिहून घेणाऱ्याच्या तक्रारी वाचायला कोणी उरलं नाही अशी वेळ आली.

पण वही फाटली नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये पंचविसाव्या वाढदिवसाला जाहीर झालं की बगझिलाची जबाबदारी घ्यायला एक वेगळी ना-नफा कंपनी स्थापन झाली आहे. तिचं नाव काय असावं? झारो बूग्ज कॉर्पोरेशन! २००१ पासून सांभाळणारे डेव्ह मिलरच पुढे होते. सप्टेंबर २०२४ मध्ये ५.२ आली. तिच्यात डोळे दिपवणारं काही नाही, पण भोकं बुजवलेली आहेत, दार झाडलेलं आहे. जीसीसी, केडीई, लिब्रेऑफिस यांच्या नोंदी अजून बगझिलातच होतात. मोझिला स्वतः आपल्या सोयीने बदललेला बगझिला वापरतं. तिथे क्रमांकाने २०१४ मध्ये दहा लाखांचा टप्पा ओलांडला.

मला या सगळ्यात विचार करायला लावणारी गोष्ट म्हणजे, नेटस्केप कंपनी केव्हाच एओएलने विकत घेतली, २००३ मध्ये तिथल्या ब्राउझरवाल्यांना घरी पाठवलं, १ मार्च २००८ ला नेटस्केप ब्राउझर अधिकृतपणे संपला. कंपनी गेली, ब्राउझर गेला, लोक पांगले. पण १९९८ मध्ये सुरू झालेली त्यांची वही आजही उघडता येते आणि त्यातलं जुनं भांडण, जुनी दुरुस्ती वाचता येते. विकिमीडियावाल्यांनी घर बदललं तेव्हा जुने क्रमांक टाकून दिले नाहीत. प्रत्येकात २००० मिळवून नवा क्रमांक दिला. जुना १ म्हणजे नवा २००१. म्हणजे मराठी विकिपीडियावर कोणी दहा वर्षांपूर्वी त्या जुन्या आकड्याचा उल्लेख केला असेल तरी आजही मूळ नोंद गवसते. नवं सॉफ्टवेअर आणताना जुना फेरफार जपायचा असतो हे त्यांना कळलं होतं.

मी स्वतः अशाही एका ठिकाणी काम केलं आहे, जिथे चुकांची यादी एका माणसाच्या एक्सेलमध्ये होती. तो माणूस नोकरी सोडून गेला आणि यादी त्याच्या लॅपटॉपबरोबर पुसली गेली. सहा महिन्यांत त्याच चुका नव्याने सापडल्या आणि नव्याने चर्चा झाली. कोणी आळशी नव्हतं, कोणी वाईट नव्हतं. फक्त पुढच्या माणसाला वाचता येईल असं मागच्याने कुठे लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे बोलून दाखवणं पुष्कळ होतं. नळाला पाणी नाही, रस्त्याला खड्डा, मोबाईलवर मराठी नीट उमटत नाही, हे कट्ट्यावर सगळे बोलतात. लिहून देणारा एखादाच, आणि क्रमांक घेऊन तीन महिन्यांनी "माझ्या अर्जाचं काय झालं?" म्हणून परत जाणारा तर विरळाच. बगझिलाने संगणकाच्या जगात ती परत जायची वाट सगळ्यांसाठी मोकळी ठेवली. परत गेल्यावर "दुरुस्त करणार नाही" असंही उत्तर मिळतं, आणि ते अनेकदा मिळतं. पण तेही लेखी मिळतं, नावानिशी, तारखेनिशी, आणि त्यावर वाद घालता येतो.

तेव्हा मराठी मंडळींना एक विनंती. कुठल्या प्रोग्राममध्ये 'ऱ्या' फुटलेला दिसला, शोधपेटीत अनुस्वार चुकीचा जुळला, भाषांतरात काहीतरी भलतंच लिहिलेलं आढळलं, तर दहा मिनिटं काढा आणि ज्याचा त्याचा जो काही बगझिला, गिटहब असेल तिथे नोंदवा. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं. चित्र जोडा, पायऱ्या लिहा. जमत नसेल तर मला कळवा, मी लिहून देईन आणि तुम्हाला आवक क्रमांक पाठवीन.

आणि आत्या, चुका शोधायला सगळ्यांना येतं हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पुढच्या वेळी कोणाची चूक दिसली की मात्र आधी ती वहीत लिहायची, खाली तारीख टाकायची. बोलायचं नंतर. :)

असो. बरंच लांबलं. बाकी पुढच्या लेखात.